मेळघाटचा कोरकू समाज, वसाहतवाद आणि शुभवर्तमान



दरवर्षी ९ ऑगस्ट हा दिवस जगभर आदिवासींचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ साली हा दिवस घोषित केला. आपल्या अमरावती धर्मप्रांताच्या उत्तर सीमेवर सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगांत, म्हणजे मेळघाटात, कोरकू समाज कित्येक शतके वास्तव्य करून आहे. मेळघाटचे नाव निघाले की आपल्या मनात वाघ, चिखलदऱ्याची थंड हवा आणि कुपोषणाच्या बातम्या एवढ्याच गोष्टी येतात. या लोकांची भाषा कोणती, त्यांची श्रद्धा कोणती, आणि त्यांच्यावर ही परिस्थिती कशी ओढवली, याचा विचार आपल्यापैकी फार थोड्यांनी केला आहे. ख्रिस्तसभेच्या प्रेषितकार्याच्या दृष्टीनेही हा विचार आवश्यक आहे. कारण ज्या काळात युरोपीय सत्ता येथे आल्या, त्याच काळात त्यांच्याच जहाजांतून मिशनरीही आले. या दोहोंमध्ये काय साम्य होते आणि काय भेद होता, हे प्रामाणिकपणे समजून घेणे हे आपले कर्तव्य आहे.

कोरकू म्हणजे 'माणसे'

कोरकू भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे 'कोरकू' या शब्दाचा सरळ अर्थ 'माणसे' असा होतो. ही भाषा मराठी वा हिंदीची बोली नव्हे, तसेच गोंडीप्रमाणे ती द्राविड कुळातलीही नाही. ती ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील आहे. झारखंडातील संथाळी आणि मुंडारी या तिच्या भगिनी. मुंडा शाखेतील सर्वांत पश्चिमेकडील भाषा म्हणून भाषाशास्त्रज्ञ तिला विशेष महत्त्व देतात. २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकांनी कोरकू ही आपली मातृभाषा असल्याची नोंद केली. त्यांत मेळघाटासह मध्य प्रदेशातील बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर, हरदा या जिल्ह्यांतील कोरकूंचा समावेश आहे. याच टापूत बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात निहाल समाजाची निहाली भाषा बोलली जाते. तिचे नाते जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी निश्चितपणे जोडता आलेले नाही. वऱ्हाडच्या एका कोपऱ्यात केवढा ठेवा आहे, याची यावरून कल्पना यावी.

कोरकू गावाची रचना पाहण्यासारखी असते. मध्ये रुंद, स्वच्छ रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर तोंड केलेल्या घरांच्या सरळ रांगा. गावाचा धार्मिक कारभार 'भूमका' पाहतो, तर आजारपणात 'पडियार' नावाच्या जाणत्याकडे धाव घेतली जाते. मुठवा हा गावाचा रक्षक देव. होळी हा वर्षातील सर्वांत मोठा सण. तो अनेक दिवस चालतो, मेघनाथाची पूजा होते आणि स्त्री-पुरुष ढोलकी व बासरीच्या साथीने नाचतात.

मृतांविषयीचा त्यांचा आदर तर अंतःकरणाला भिडणारा आहे. मृत्यूनंतर योग्य काळी 'सिडोली' नावाचा विधी करून मृताच्या स्मरणार्थ सागाचा कोरीव स्तंभ उभारण्याची परंपरा आहे. त्याला 'मुंडा' म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र आणि माणसांच्या आकृती कोरलेल्या असतात. हा विधी होईपर्यंत मृताचा आत्मा पूर्वजांत सामावत नाही, अशी श्रद्धा आहे. आपणही नोव्हेंबर महिन्यात दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करतो. जिवंत आणि मृत यांचे नाते तुटत नाही, ही जाणीव त्यांनाही आहे.

त्यांची उत्पत्तिकथाही मनन करण्याजोगी आहे. डोंगर निर्मनुष्य होते, तेव्हा रावणाने महादेवाला तेथे माणसे निर्माण करण्याची विनंती केली. महादेवाने वारुळाची तांबडी माती मागवून एक पुरुष आणि एक स्त्री घडवली. परंतु इंद्राने पाठविलेल्या घोड्यांनी त्या मूर्ती तुडवून टाकल्या. पुन्हा घडवल्या, पुन्हा तुडवल्या गेल्या. अखेर महादेवाने आधी मातीचा कुत्रा घडवून त्यात प्राण फुंकला. त्या कुत्र्याने घोड्यांना पिटाळले आणि मग मुला व मुलाई हे पहिले जोडपे सजीव झाले. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर मातीपासून मनुष्य घडवून त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो, हे आपणास ठाऊक आहे. दोन्ही कथा एकच आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु माणूस मातीचा आहे, आणि तरी त्याचा श्वास वरून आलेला आहे, ही जाण या डोंगरांत कोणत्याही मिशनऱ्याच्या आधी पोहोचलेली होती.

सत्ता बदलली, मग जंगल बदलले

मेळघाट बाहेरच्या जगापासून सर्वस्वी अलिप्त कधीच नव्हता. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले बहामनी, इमादशाही, मोगल, निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या सत्तास्पर्धेचे साक्षीदार आहेत. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने भोसल्यांकडून गाविलगड जिंकला. परंतु या सत्तांचा जोर किल्ल्यांवर आणि वाटांवर असे. डोंगरातील माणसाने कोणते झाड तोडावे, कोठे पेरावे, कोठे गुरे चारावीत, यात सहसा कोणी लक्ष घालीत नसे.

१८५३ साली निजामाने हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १९०२ साली तो कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे गेला आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडला गेला. इंग्रजांना वऱ्हाड हवा होता तो मुख्यतः कापसासाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना मँचेस्टरच्या गिरण्यांना तेथला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. याच दशकात भुसावळहून अकोला व बडनेऱ्यामार्गे नागपूरपर्यंत लोहमार्ग गेला. खामगाव, अकोला, अमरावती येथील बाजारपेठा गजबजल्या.

या कापसाचा मेळघाटाशी काय संबंध, असे कोणी विचारील. लोहमार्गाला स्लीपर लागतात आणि स्लीपरला उत्तम लाकूड लागते. हिंदुस्थानात १८६४ साली वनखात्याची स्थापना झाली, १८६५ आणि १८७८ साली वनकायदे झाले. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच असल्याने येथे स्वतंत्र नियम करावे लागले. परंतु धोरण तेच होते. १८६६ पासून मेळघाटातील जंगल राखीव करण्यास प्रारंभ झाला.

त्यापूर्वी कोरकूंची शेती 'दह्या' पद्धतीची होती. डोंगरउतारावरील झाडझुडूप तोडून उन्हात वाळवायचे, पावसाच्या तोंडावर जाळायचे आणि राखेत कोदो, कुटकी यांसारखी धान्ये पेरायची. दोन-तीन वर्षांनी जमिनीचा कस उतरला की ती जागा सोडून दुसरीकडे जायचे. सोडलेल्या जागेवर पुन्हा जंगल उभे राही. या शेतीने लाकडाची नासाडी होते, असे इंग्रज अधिकाऱ्यांचे मत होते, आणि त्यात काहीच तथ्य नव्हते असेही म्हणता येणार नाही. लोकसंख्या वाढली आणि फेरे जवळजवळ येऊ लागले, तर जंगलाला हानी पोहोचतेच. पण निर्णय घेताना ज्यांचे पोट त्यावर होते, त्यांना विचारले गेले नाही, ही खरी गोष्ट आहे. काल ज्याला हक्क म्हणत, त्याला आज 'सवलत' म्हटले जाऊ लागले. आणि सवलत काढूनही घेता येते.

वनखात्याला मजूर हवे होते. आग विझवणे, लाकूड तोडणे, रस्ते करणे ही कामे कोण करणार? त्यासाठी वनग्रामे वसविली गेली. तेथे कोरकूला थोडी जमीन कसण्यास मिळे, परंतु तिची मालकी मिळत नसे. त्याबदल्यात खात्याच्या कामाला हजर राहावे लागे. मोहाची दारू घरोघरी गाळली जाई, ती कोरकूंच्या पूजेत आणि पाहुणचारात असे. अबकारी कायद्यांनी ती गुन्हा ठरली आणि ठेकेदाराचे दुकान कायदेशीर ठरले. रोख पैशाची गरज वाढली, तसा सावकार डोंगर चढून वर आला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी तर कहर केला. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, ती १९०१ साली सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली. मेळघाटालाही या संकटाचा जबर तडाखा बसला.

नोंदवहीत बसविलेला माणूस

वसाहतवादाचा आघात केवळ जमिनीवर होत नाही, तो नावावरही होतो. जनगणनेच्या तक्त्यात कोरकूंचा धर्म 'जडप्राणवाद' अशा एका परक्या संज्ञेखाली गेला, जी त्यांनी स्वतः कधी उच्चारलीही नव्हती. कासदा, जांबू, बेठे ही त्यांची कुळांची नावे. आज शाळेच्या व कचेरीच्या नोंदींत कासदेकर, जांबेकर, बेठेकर अशी मराठी वळणाची आडनावे दिसतात. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नव्हे. परंतु हळूहळू माणसाला असे वाटू लागते की, आपले जे आहे ते लिहिण्यायोग्य नाही, ते दुसऱ्याच्या साच्यात ओतले तरच मान्य होते.

नायजेरियातील इग्बो समाजाचा आरसा

हीच गोष्ट हजारो मैल दूर पश्चिम आफ्रिकेत कशी घडली, हे पाहिले तर आपल्या घरची गोष्ट अधिक स्पष्ट होते. आजच्या नायजेरियाच्या आग्नेय भागात इग्बो समाज राहतो. त्यांच्यात परंपरेने बहुतेक ठिकाणी राजा नव्हता. कुळांतील वडीलधारे, पदवीप्राप्त पुरुष आणि स्त्रियांच्या सभा मिळून निर्णय घेत. राजाविना समाज चालतो, हे इंग्रजांना उमगेना. म्हणून त्यांनी सनद देऊन गावोगावी 'प्रमुख' नेमले. या नेमलेल्या प्रमुखांना परंपरेचा आधार नव्हता, म्हणून त्यांच्यावर गावाचा अंकुशही नव्हता. त्यांची अरेरावी वाढली आणि स्त्रियांवर कर बसणार अशी वार्ता पसरली, तेव्हा १९२९ साली हजारो इग्बो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. गोळीबारात पन्नासांहून अधिक स्त्रियांनी प्राण गमावले. पण त्या उठावानंतर सरकारला ती पद्धत बदलावी लागली.

चिनुआ अचेबे या इग्बो लेखकाने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीत हा आघात चितारला आहे. अचेबे यांचे वडील अँग्लिकन मिशनचे धर्मशिक्षक होते. म्हणजे हा लेखक ख्रिस्ती घरातच वाढला होता. म्हणूनच त्यांचे चित्रण एकांगी नाही. जुन्या समाजात जुळ्या मुलांना रानात टाकून देण्याची प्रथा होती, काही कुळांना अस्पृश्यासारखे वागविले जाई. अशा लोकांना मिशनऱ्यांच्या प्रार्थनामंदिरात प्रथमच माणूस म्हणून जागा मिळाली. परंतु त्याच मिशनच्या पाठोपाठ न्यायालय, तुरुंग आणि बंदूकही आली. एका हाताने जखम बांधली जात होती आणि दुसऱ्या हाताने नवी केली जात होती.

तरीही कथा तेथे संपत नाही. १८८५ साली होली घोस्ट संघाचे कॅथलिक धर्मगुरू ओनिचा येथे पोहोचले. पुढे बिशप जोसेफ शनहन यांनी शाळांचे जाळे उभारले. इग्बो धर्मगुरू सिप्रियन मायकल इवेने तान्सी यांना १९९८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओनिचा येथे धन्यवादित घोषित केले. त्यांच्याच हस्ते स्नानसंस्कार झालेला एक मुलगा पुढे कार्डिनल फ्रान्सिस अरिंझे म्हणून साऱ्या जगाला परिचित झाला. आज इग्बो भाषेत मिस्साबलिदान होते, ढोल वाजतात, आणि इग्बो धर्मगुरू युरोपातील धर्मग्रामांत सेवा देतात. शुभवर्तमान परक्या वेशात आले, पण लोकांनी ते स्वतःच्या भाषेत स्वीकारले, तेव्हाच ते रुजले.

मिशनकार्य: ऋण आणि आत्मपरीक्षण

आपल्या भागात संत फ्रान्सिस दि सेल्स संघाचे धर्मगुरू प्रामुख्याने फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतातून आले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला आणि ८ मे १९५५ रोजी त्यातून अमरावती धर्मप्रांत निर्माण झाला. चिखलदऱ्याचे मरियमपूर हे नाव या परंपरेची आठवण देते. ज्या काळात तापाने माणसे मरत आणि शाळा म्हणजे काय हे डोंगराला ठाऊक नव्हते, त्या काळात या धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी औषध व अक्षर तेथवर नेले. हे ऋण विसरता येणार नाही.

परंतु ऋण मान्य करणे म्हणजे प्रश्न न विचारणे नव्हे. त्या काळचे अनेक युरोपीय मिशनरी आपली संस्कृती आणि शुभवर्तमान यांत भेद करू शकले नाहीत. नाच, ढोल, जुनी नावे यांकडे ते संशयाने पाहत. गंमत अशी की, रोममधील धर्मप्रसार मंडळाने १६५९ सालीच आपल्या मिशनऱ्यांना बजावले होते की, श्रद्धा व नीती यांना उघड बाध येत नसेल तर लोकांच्या चालीरीती बदलायला लावू नका, युरोप तिकडे नेऊ नका. ही शिकवण पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिली.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने १९६५ सालच्या आपल्या मिशनविषयक आदेशात राष्ट्रांच्या परंपरांत दडलेल्या दैवी वचनाच्या बीजांचा आदराने शोध घेण्यास सांगितले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी संस्कृतींच्या व लोकांच्या हक्कांविरुद्ध ख्रिस्तसभेच्या पुत्रकन्यांकडून झालेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. दिवंगत पोप फ्रान्सिस जुलै २०२२ मध्ये कॅनडाला गेले आणि तेथील निवासी शाळांत आदिवासी मुलांवर झालेल्या अन्यायाबद्दल त्यांनी क्षमायाचना केली. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने तथाकथित 'शोधाचा सिद्धांत', म्हणजे शोध लावणाऱ्याची जमीन हा विचार, स्पष्टपणे नाकारला.

आपल्या देशातही आदिवासी संस्कृतीकडे आदराने पाहणारे धर्मगुरू झाले. ऑस्ट्रियातून आलेले दैवी वचन संघाचे फादर स्टीफन फुक्स हे त्यांपैकी एक. त्यांनी मध्य भारतातील आदिवासी व दलित समाजांचा आयुष्यभर अभ्यास केला आणि कोरकूंवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

इंग्रज गेले, प्रश्न राहिला

१९४७ नंतर सत्ता आपली झाली, तरी जंगलाकडे पाहण्याची दृष्टी फारशी बदलली नाही. १९२७ चा वनकायदा पुढे चालूच राहिला. १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. वाघ वाचला पाहिजे, यात शंका नाही. परंतु त्याची किंमत बहुधा तेथील माणसालाच मोजावी लागली. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. या शतकाच्या प्रारंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे गाभा क्षेत्रातून हलविण्यात आली. त्यानंतर इतर गावेही अकोला जिल्ह्यातील अकोट परिसरात पुनर्वसित झाली. डोंगरातला माणूस सपाटीवर आला. पण तेथे मोह नाही, तेंदू नाही, ओळखीचा नाला नाही आणि पूर्वजांचे मुंडेही नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित गावांतील काही लोक सुविधा अपुऱ्या असल्याचे सांगून जंगलात परतले आणि तेथे संघर्ष उद्भवला.

आशेचा किरणही याच भूमीत आहे. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा संमत केला. पूर्वापार वनवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाला, असे त्याच्या उद्देशिकेतच मान्य केले आहे. या कायद्याखाली अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडीवर गावकऱ्यांनी राखण करून जंगल वाढविले, तेथील सीताफळांची विक्री सुरू केली, आणि २०१४ साली त्यांना जैवविविधता संवर्धनाचा पुरस्कार मिळाला. आदिवासी जंगलाचा शत्रू आहे, या दीडशे वर्षांच्या समजाला एका लहानशा गावाने दिलेले हे उत्तर आहे.

आपण काय करावे?

संस्कृती म्हणजे काचेच्या कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. कोरकूंनीही महादेव, रावण, होळी यांना आपल्या पद्धतीने आपलेसे केले आहे. बदल हा जिवंतपणाचा धर्म आहे. आक्षेप बदलाला नाही, तर दुसऱ्याने लादलेल्या बदलाला आहे. कोरकू मुलीने शिकून डॉक्टर व्हावे, पण त्यासाठी तिला आपल्या आजीच्या भाषेची लाज वाटावी लागू नये.

म्हणून प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. आपल्या वसतिगृहात आदिवासी मूल आपल्या भाषेत बोलले तर त्याला हसले जाते काय? पहिलीच्या वर्गात मराठी न समजणाऱ्या मुलाला आपण 'मठ्ठ' म्हणतो काय? कोरकू बंधूभगिनींसोबत प्रार्थना करताना त्यांची भाषा, त्यांची ढोलकी, त्यांचे पूर्वजस्मरण यांना आपण किती स्थान देतो? चिखलदऱ्याला सहलीला जाणारे आपले युवक तेथील माणसांशी दोन शब्द बोलून येतात काय? वनहक्काचा अर्ज भरण्यास अडलेल्या माणसाला आपल्यातील सुशिक्षित वकील वा शिक्षक मदत करतो काय? या प्रश्नांचा धर्मांतराशी संबंध नाही, शेजारधर्माशी आहे.

पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा उतरला, तेव्हा यरुशलेममध्ये जमलेल्या सर्वांना एक भाषा शिकवली गेली नाही. प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या जन्मभाषेत ऐकली, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. साम्राज्ये सर्वांवर एक भाषा लादतात, पवित्र आत्मा प्रत्येकाची भाषा बोलतो. मेळघाटच्या डोंगरात जे लोक स्वतःला केवळ 'माणसे' म्हणवतात, त्यांना आपण माणूस म्हणून ओळखावे, अशी सद्बुद्धी प्रभू आपणा सर्वांना देवो.

— संपादक